निखारे लागलेलं बी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर डोळे मिटा. समोर एक उघडा उतार आहे असं समजा. माती भुरभुरीत, वाळूच्या जवळची. मधूनमधून दगड. पाऊस वर्षातून चार-पाच वेळा, तोही आला तर. आता त्या उतारावर गुडघ्याएवढी रोपं उभी करा. एकेका काडीवर गोल काटेरी बोंडं ओवलेली, एकावर एक, मण्यांसारखी, आणि बोंडाबोंडातून डोकावणारी निळी फुलं, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. झाली उभी? आता ती सगळी पुसून टाका. उतार पुन्हा रिकामा. हातात उरलीय एक काचेची बरणी, आणि तिच्या तळाशी दोन मुठी बी.

नोएमीच्या आजीकडे त्या डिसेंबरात एवढंच होतं.

त्या रोपाला तिथल्या वाळवंटातले मूळ रहिवासी, कवीया लोक, पासाल म्हणतात. दुकानात पाकिटातून मिळतो तो चिया याचा दूरचा भाऊ. पण तो पाण्याचा लाडका, आणि पासाल वाळवंटाचं पोर. राखाडी, बारीक, सब्ज्यासारखं बी. पाण्यात टाकलं की बुळबुळीत होऊन फुगतं. पूर्वी मूठभर पासाल कनवटीला असलं की माणूस दिवसभर डोंगर चढायचा, असं फिलोमेना आजी सांगायची. लियांड्रोमामा त्यावर म्हणायचा, "आणि आता पिकअप आहे तरी माणूस टेकडीपर्यंत जात नाही." आजी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

नोएमी नऊ वर्षांची होती. तिची आई शहरातल्या दवाखान्यात कामाला, शनिवार-रविवारी यायची. बाकीचे दिवस नोएमी आजी आणि मामाजवळ. पोरीच्या पायाला भिंगरी होती. जेवताना एक गुडघा हलत असायचा, बसमध्ये दोन्ही. शाळेतल्या बाईंनी तिला दाराशेजारचं बाक दिलं होतं, म्हणजे उठली तर बाकीच्यांना त्रास नको. मामा तिला लावरीचं पिल्लू म्हणायचा, कारण लावरीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या पळायला लागतात, आणि कुठे पळायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आजीच्या घरामागे डोंगराकडे चढत जाणारा एक उतार होता. तो आजीच्या आईचा, तिच्या आधी तिच्या आईचा. तिथलंच बी तिथंच पडायचं, आणि वर्षानुवर्षं आपलं आपण उगवायचं. मग परकी मोहरी आली. कुठून आली, कुणी आणली, कोण जाणे. तिनं थंडीतलं पहिलं पाणी पिऊन घेतलं आणि चार-पाच वर्षांत पासालला उताराबाहेर काढलं. त्यात तीन वर्षं पाऊस रुसला. जी काही दहा-बारा रोपं आली ती बोटभर उंचीची, एकेका बोंडाची. आजीनं त्यांना हात लावला नाही. म्हणाली, हे मुंग्यांचं आणि मातीचं आहे, आपला वाटा यात नाही.

म्हणजे बरणीतलं बी त्याही आधीच्या वर्षाचं. आणखी ठेवलं असतं तर म्हातारं झालं असतं. यंदा पेरायचंच, असं ठरलं. त्यासाठी सप्टेंबरपासून दर रविवारी तिघं उतारावर वाकून मोहरी उपटत होती. नोएमीच्या तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. तिनं एकदाही कुरकुर केली नाही, कारण मोहरी उपटताना बसावं लागत नाही.

आता जे झालं ते समजायचं तर दोन कामं माहीत हवीत.

पहिलं काम खायच्या बियाचं. लव्हाळ्याची घट्ट विणलेली परडी घ्यायची, तिच्यात बी टाकायचं, वर चुलीतले चार-सहा जिवंत निखारे ठेवायचे आणि परडी हलवत, उडवत राहायचं. थांबलात तर परडीच जळेल. बी भाजलं की खमंग वास सुटतो, मग निखारे वेचून टाकायचे आणि बी दळायचं.

दुसरं काम पेरायच्या बियाचं. पूर्वी पीक काढून झालं की बायका उतारच पेटवून द्यायच्या. काळ्या पडलेल्या जमिनीत पासालला जाग येते, हे त्यांना ठाऊक होतं. आता उतार पेटवायला मनाई आहे. शिवाय मामा स्वतः आग विझवणाऱ्या तुकडीत, तेव्हा घरच्या घरी ते बोलायचीही सोय नाही. म्हणून आजी चुलीतला विझलेला, गार कोळसा कुटायची, त्याच परडीत बियांत मिसळायची आणि मग पेरायची.

परडी तीच, बी तेच, कोळसा दोन्हीकडे. फरक एवढाच की एकीकडचा कोळसा जिवंत आणि दुसरीकडचा मेलेला.

नोएमीनं दुसरं काम शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती.

त्या मंगळवारी मामा आजीला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. शाळेला सुटी होती. जाताना आजी म्हणाली की आल्यावर बियात कोळसा मिसळून ठेवू, ढगांचं काही सांगता येत नाही. घरासमोरच्या मांडवात, ताडाच्या झावळ्यांखाली, सकाळच्या घेवड्याचं पातेलं उतरवलेल्या चुलीत मेस्कीटची, म्हणजे तिथल्या काटेरी झाडाची, लाकडं अजून धगधगत होती. नोएमीनं अंगणात दोन चकरा मारल्या. कुत्र्याला पळवलं. कोंबड्यांना पळवलं. मग तिला वाटलं, आजी येईपर्यंत आपणच करून ठेवलं तर?

तिनं बरणी काढली. परडीत बी ओतलं. चिमट्यानं सहा निखारे उचलून वर ठेवले आणि परडी उडवायला लागली. आजीसारखीच, मनगटातून. छान जमत होतं.

आणि वास आला.

खमंग, शेंगदाण्यासारखा. त्या वासाबरोबर तिला खाण्याचीच आठवण झाली, लहानपणी आजीच्या बोटावरून चाटलेल्या पिठाची.  हा पेरायचा वास नव्हता.

तिनं निखारे भराभर उचलून फेकले, बोटं भाजली तिकडे लक्ष दिलं नाही. बी गार होईपर्यंत फुंकत राहिली. बरणीत भरलं, तोंडाला फडकं बांधलं, बरणी फळीवर होती तशी ठेवली. आजी आल्यावर बरणीकडे बघून म्हणाली की आज गुडघा फार बोलतोय, कोळशाचं उतारावरच बघू. नोएमी म्हणाली, "बरं." आयुष्यात तिनं इतका लहान शब्द इतक्या कष्टानं काढला नव्हता.

यानंतरचे नऊ दिवस त्या घरातली सगळी माणसं पावसाची वाट बघत होती, आणि एक माणूस तो येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून होतं. वाळवंटातल्या पोरीनं पाऊस नको म्हणावं, याहून वाईट ते काय?

रोज संध्याकाळी आजी खुर्ची बाहेर काढून हसिंतो नावाच्या डोंगराकडे तोंड करून बसायची. पाऊस यायचा तो त्या डोंगरापलीकडून, आणि बहुतेक वेळा पलीकडेच सांडून जायचा. शिखरावर ढग टेकला की मामा म्हणायचा, आला. ढग विरला की म्हणायचा, गेला, त्याला आपला पत्ता सापडत नाही. नोएमी खुर्चीभोवती फिरायची. विहिरीपर्यंत, परत. फाटकापर्यंत, परत.

"अगं, अंगणाला खड्डा पडेल," आजी म्हणाली. "काय चावलंय तुला?"

"काही नाही."

"मग काही नाहीला सांग, जरा हळू चाव."

नोएमीनं एक तपासणीही करून पाहिली. बरणीतून चिमूटभर बी काढलं, बाटलीच्या बुचात ओला कागद घालून त्यावर ठेवलं आणि बूच पलंगाखाली सरकवलं. सकाळी बी फुगलं होतं, प्रत्येक दाण्याभोवती बेडकाच्या अंड्यासारखा बुळबुळीत गोळा. तिला हर्ष झाला. पण भाजलेलं बीसुद्धा फुगतं, हे तिला दुपारी आठवलं. मोड हवा होता. दुसरा दिवस, तिसरा, सहावा. शाळेतून आली की दप्तरासकट पलंगाखाली. मोड नाही. सातव्या दिवशी कागदाला बुरशी आली आणि तिनं बूच कुंपणापलीकडे भिरकावलं.

सांगून टाकावं असं तिच्या मनात रोज यायचं. शब्द जिभेपर्यंत यायचे आणि तेवढ्यात आजी काहीतरी चांगलं बोलायची. एकदा म्हणाली की तुझ्या हातांना बघ कसे घट्टे पडलेत, माझ्या आईचे असेच होते. झालं, शब्द पुन्हा पोटात.

दहाव्या दिवशी पहाटे पाऊस आला. नोएमीच्या नाकाला तो आधी कळला. पाणी लागलेल्या रानझुडपांचा तो औषधासारखा वास, ज्याला तिथली माणसं वर्षभर आसुसलेली असतात. मामा अनवाणी बाहेर धावला. आजी दारात उभी राहून हात पुढे करून तळव्यात पाणी घेत होती. नोएमीनं डोक्यावरून पांघरूण ओढलं. पाऊस दोन तास पडला, थांबला, दुपारी परत पडला. इतका चांगला पाऊस चार वर्षांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिघं पिकअपमध्ये बसली. उतार घरामागेच असला तरी आजीच्या गुडघ्याला चढ झेपत नव्हता, म्हणून कच्च्या रस्त्यानं वळसा घालून वर जायचं होतं. आजी खिडकीशी, नोएमी मध्ये, बरणी नोएमीच्या मांडीवर. तिचे पाय इतके हलत होते की बरणीतलं बी आपोआप सपाट झालं.

"गाडीला इंजिन आहे गं," मामा म्हणाला. "तुला पायडल मारायची गरज नाही."

वर माती ओली, काळसर, उघडी. उपटलेल्या मोहरीची जागा अगदी नांगरल्यासारखी दिसत होती. आजी काठी टेकत मधोमध गेली. तिच्या स्वतःच्या भाषेत, हळू आवाजात, जमिनीशी चार शब्द बोलली. नोएमीला त्यातले सगळे कळत नव्हते, पण आजी आपलं नाव सांगतेय, आपल्या आईचं नाव सांगतेय, आणि काय घेऊन आलोय ते सांगतेय, एवढं कळत होतं. मग आजीनं डब्यातला कुटलेला कोळसा परडीत ओतला, बरणीचं फडकं सोडलं, सगळं बी त्यात ओतून हातानं कालवलं आणि परडी नोएमीपुढे धरली.

त्यांच्या घरात पहिली मूठ सगळ्यांत लहान माणसानं फेकायची. लहान माणूस सर्वांत जास्त दिवस ते उगवताना बघणार, म्हणून.

नोएमीनं मूठ भरली. हात वर नेला. मूठ उघडेना.

"फेक ना," मामा म्हणाला. "वारा बरा आहे."

"हे भाजलंय," नोएमी म्हणाली.

मामा वाऱ्याकडेच बघत होता. तिला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून ती पुन्हा बोलली, आणि मग सगळंच धरण फुटल्यासारखं बाहेर आलं. मंगळवार, चूल, सहा निखारे, वास, बूच, बुरशी. बोलताना ती एकाच जागी पाय बदलत होती. मूठ अजून वरच होती.

आजीनं परडीतून चिमूट घेतली, फुंकर मारून कोळसा उडवला, दाणे दातांखाली धरले. चावले. पुन्हा दुसरी चिमूट. तिचा चेहरा काहीच सांगत नव्हता. ती खाली एका दगडावर बसली. मामानं टोपी काढली, परत घातली.

"किती वेळ उडवलंस?" आजीनं अखेर विचारलं.

"वास येईपर्यंत."

"वास आल्यावर?"

"लगेच थांबले."

"मी वास आल्यावर शंभर अंक मोजते." आजीनं आणखी एक दाणा चावला. "काही करपलेत. काही आतून अजून कच्चे आहेत. कच्चे म्हणजे जिवंतच, असं नाही. मला माहीत नाही, पोरी. आणि तुझ्या त्या बुचातून काही कळणार नव्हतं. चांगलं बीसुद्धा ओल्या कागदावर झोपूनच राहतं. त्याला कोळसा लागतो, थंड रात्री लागतात, उजेड लागतो. नऊ दिवस उगीच जळलीस."

"मी विचारायला हवं होतं."

"हो. आणि सांगायलाही." आजीचा आवाज कडक झाला, पण तेवढ्यापुरताच. "हे सगळं टाकूया. फळीवर ठेवून त्याचं काही भलं होणार नाही. पण यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि दुसरं बी माझ्याकडे नाही."

मामा खाकरला. मग आभाळाकडे बघत, जणू ढगांशी बोलतोय अशा थाटात म्हणाला, की घाटापलीकडे सेलेस्टिनामावशीकडे असायला हवं. अकरा वर्षांपूर्वी आजीनंच तिला मूठभर दिलं होतं, याच उतारावरचं, आणि परवा तिचा मुलगा सांगत होता की तिच्या अंगणामागे चांगलं माजतं.

सेलेस्टिना ही आजीची चुलतबहीण. दोघी एका घरात वाढलेल्या. एका नातलगाच्या अंत्यविधीत मृताच्या नावानं जाळायला कुठली परडी कुणी द्यायची यावरून त्यांचं बिनसलं, आणि तेव्हापासून दोघींत अक्षर नाही. बाजारात भेटल्या तर एक खजूर बघायची आणि दुसरी संत्री.

"माहीत आहे मला कुणाकडे काय आहे," आजी म्हणाली. "मी जाणार नाही. त्या बाईच्या दारात बी मागायला? ती विचारील, तुझ्याकडच्या बियाचं काय केलंस. आमच्यात बी मागताना हे सांगावंच लागतं. मी काय सांगू?"

"तू कशाला सांगशील?" नोएमी म्हणाली. "भाजलं मी."

आजीनं तिच्याकडे पाहिलं.

"मी जाते. मी सांगते तिला. परवा नाही, आत्ता, कारण माती ओली आहे तोवरच पेरायचं ना? तूच म्हणतेस दोन-तीन दिवस. जायला किती लागतं, मामा?"

"एक तास. तू गाडीत असलीस तर दोन, तुला लघवीला थांबावं लागतं."

"मी थांबणार नाही."

"ती फटकळ आहे," आजी म्हणाली. "ऐकवील. मलाही ऐकवील, मी तिथे नसले तरी. आणि रिकाम्या हातानं गेलीस तर दार उघडणार नाही."

नोएमीनं इकडेतिकडे पाहिलं. तिच्याजवळ काय होतं? स्वेटर, एक कंगवा, मोहरी उपटून उपटून घट्टे पडलेले दोन हात. तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली की तिच्याकडेही परकी मोहरी असेलच, सगळीकडे आहे. मी तिचं अंगण साफ करून देईन. एक रविवार नाही, चार.

मामा हसला नाही. आजीनं काठीनं मातीवर एक रेघ ओढली, मग पायानं ती पुसून टाकली.  ती उभी राहिली, आणि मान हलवून परडीकडे बोट दाखवलं: आधी हातातलं काम.

नोएमीनं इतका वेळ आवळून धरलेली मूठ उघडली. काळं-राखाडी बी वाऱ्याबरोबर पसरलं आणि ओल्या मातीला चिकटलं. मग आजीनं टाकलं, मग मामानं, पुन्हा नोएमीनं. ती उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती आणि पळता पळता फेकत होती. आजी ओरडून सांगत होती की एवढ्या जोरात नको, बी आहे ते, दगड नाही. मातीत पुरायचं नव्हतं, नुसतं वर सोडायचं होतं. एका झुडपाच्या फांदीनं हलकेच एकदा जमीन झाडली आणि झालं. परडी रिकामी.

आता यातलं काय उगवेल? मुलांनो, ते त्या दिवशी तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आजी अजून उताराच्या मधोमध, डोंगराकडे तोंड करून उभी होती. मामा कोळशाचा डबा पुसत होता, आणि दोघींकडे बघायचं टाळत होता. नोएमीनं रिकामी बरणी उचलली, स्वेटरच्या बाहीनं आतून-बाहेरून स्वच्छ पुसली आणि पिकअपकडे धावली. दार उघडून आत चढली. आजीची खिडकीशेजारची जागा सोडून ती मध्ये सरकली, बरणी मांडीवर घेतली, आजीच्या बाजूचं दार सताड उघडं ठेवलं, आणि मग वाकून, दोन्ही हातांनी, हॉर्न दाबला.